निजलेलीचा श्वास

१

दुपारची जेवणं आटोपली, भांडी पालथी घातली, की मावशी घराबाहेर पडायच्या. छापखान्याला वळसा घालून एका जुन्या इमारतीच्या तळघरात उतरायच्या. तिथं त्यांची काचेमागची खोली होती. खोली कसली, कपाटच ते. चारी भिंतींना खडबडीत स्पंज, दाराला जाड घोंगडी, मधोमध स्टूल, माइक आणि कागद ठेवायला एक तिरकी फळी. दार लावलं की बाहेरचं जग पाण्याखाली गेल्यासारखं गप्प व्हायचं.

मावशी गोष्टी वाचायच्या. पोरांना झोपवण्याच्या. शाळेतून निवृत्त झाल्यावर हे काम त्यांच्याकडे चालून आलं आणि त्यांच्या आवाजाला चिकटलंच. भाजी घेताना त्यांनी घासाघीस सुरू केली आणि शेजारच्या बाईच्या कडेवरचं पोर मान टाकून पेंगायला लागलं, की मावशी मनात म्हणायच्या, हे आपलं गिऱ्हाईक.

काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट बसायचा. मोजकं बोलणारा, सदा कानाला हेडफोन. मावशींचं वाचून झालं की त्याचं खरं काम सुरू व्हायचं. वाचताना माणूस श्वास घेतो आणि ऐकणाऱ्याला तो खुपतो. मग हा बसून एकेक श्वास वेचून बाहेर काढायचा, धान्यातले खडे वेचावेत तसा.

"तुमचे सगळे श्वास माझ्याकडे जमा आहेत, मावशी," तो म्हणायचा.

"राहू देत. म्हातारपणी कमी पडले तर मागून घेईन."

या खेपेला काम नवं होतं. जुन्याच परीकथा, पण एका तरुण लेखिकेनं नव्यानं लिहिलेल्या. मनोऱ्यात कोंडलेली पोरगी स्वतःचेच केस कापून त्यांचा दोर करते आणि उतरून जाते. रूपाची फुशारकी मारणाऱ्या राणीला एके दिवशी कळतं की आरशातून बोलणारा आवाज पुरुषाचा आहे. मावशींनी पहिल्या दिवशी नाक मुरडलं होतं.

"अगं, राजपुत्रच काढून टाकलास तर पोरींनी वाट कुणाची बघायची?"

"कुणाचीच नाही, मावशी. तेच तर लिहिलंय."

मावशींना हसू आलं आणि तिथंच दोघींचं जमलं.

२

लेखिका स्वतः मुलखाची भांडकुदळ. लग्न ठरलेलं होतं, पण तारखेचा विषय निघाला की ती दुसरंच काहीतरी काढायची. डोळ्यांखाली काळी वर्तुळं कायमची. तिला झोप येत नसे. अगदी पाळण्यात असल्यापासून. तिची आई तिला घुबडच म्हणायची, आणि ती म्हणायची, "निदान घुबडाला दिसतं तरी."

शेवटची गोष्ट झोपलेल्या राजकन्येची होती. त्या दिवशी लेखिका मुद्दाम ऐकायला आली. थर्मासमधला चहा कपात ओतता ओतता तिनं मावशींना विचारलं, "ही गोष्ट सगळ्यांना एवढी का आवडते, सांगा बघू."

"झोपेची आहे म्हणून. पोरं पटकन झोपतात."

"ती झोपलेली असते म्हणून. बघा ना, ती काही बोलत नाही, काही मागत नाही, म्हातारी होत नाही. भोवती काटे. कुणी म्हणतं काटे तिच्या राखणीला आहेत. मला वाटतं, पलंग रिकामा पडू नये म्हणून आहेत. मग कुणीतरी येतो, तिला न विचारता तिच्यावर वाकतो, आणि आपण टाळ्या वाजवतो."

"मग तुझी कशी उठते?"

"तिची तीच उठते. तिला पुरे झालेलं असतं."

मावशी आत गेल्या, दार लावलं आणि वाचलं. तिची तिलाच जाग आली. कुणी हाक मारली नव्हती, कुणी हात लावला नव्हता. तिनं पाय खाली सोडले. फरशी गार होती. काट्यांमधून तिनं वाट काढली, दार ढकललं, आणि मागे वळून न बघता ती उन्हात निघून गेली.

वाचून झाल्यावर मावशींच्या अंगावर काटा आला. एवढ्या वर्षांत इतकं चांगलं वाचलं नव्हतं. त्यांनी काचेतून पाहिलं. कौतुकानं काही म्हणेल म्हणून लेखिकेकडे पाहिलं.

लेखिका खुर्चीत झोपली होती.

मान एका बाजूला, ओठ किंचित उघडे, हेडफोन अजून कानावर. रेकॉर्डिस्ट तिच्याकडे बोट दाखवून हसत होता. मावशीही हसल्या. घुबडाला आपण झोपवलं, याचा त्यांना अभिमानच वाटला. पण उठवायला गेल्या तर ती उठेना. खांदा हलवला, गालावर थोपटलं, शेवटी पाण्याचा हात तोंडावरून फिरवला, तेव्हा कुठं तिनं डोळे उघडले.

"किती मऊ होतं," ती म्हणाली.

"काय गं?"

"काय?" ती म्हणाली, आणि चेहरा पुसून घाईघाईनं निघून गेली. चहा तसाच राहिला.

३

पुढच्या खेपेला रेकॉर्डिस्टनं मावशींना आत जाऊ दिलं नाही. आधी हेडफोन दिले.

"शेवट ऐका. तुमचं वाक्य संपतं ना, त्याच्या पुढे."

मावशींनी स्वतःचाच आवाज ऐकला. ती उन्हात निघून गेली. मग शांतता. आणि त्या शांततेत कुणीतरी श्वास घेत होतं. संथ, खोल, भरल्या झोपेतला श्वास. आत जाताना किंचित अडखळणारा, बाहेर पडताना लांबलचक.

"माझाच असेल," मावशी म्हणाल्या.

"मीही तेच धरून चाललो. काढून टाकला. परत ऐकलं तर होताच. मग परत काढला." त्यानं मानेमागून हात फिरवला. "वायरीत काही असेल. तुम्ही एकदा पुन्हा वाचा. फक्त शेवट. आणि वाचून झालं की श्वास रोखून धरा."

यात घाबरण्यासारखं काही नव्हतं. मावशी आत बसल्या, शेवटचा परिच्छेद वाचला आणि छाती भरून श्वास कोंडला. एका हातानं नाक धरलं. काचेपलीकडे रेकॉर्डिस्ट एकाग्रपणे खाली बघत होता. मावशींच्या कानात त्यांचंच रक्त धडधडत होतं. आणि त्या धडधडीच्या मागे, हेडफोनमध्ये नाही, तर उजव्या हाताला, अगदी उशीला उशी लागावी इतक्या जवळ, कुणीतरी आरामात श्वास घेतला आणि सोडला.

मावशींनी वळून पाहिलं. स्पंजची भिंत. मध्ये कुणी टेकून उभं राहील एवढीही जागा नव्हती.

रेकॉर्डिस्टनं मान वर केली आणि ओठांनीच विचारलं, "रोखला होता ना?"

मावशींनी मान हलवली. होय म्हणायला की नाही म्हणायला, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही.

४

"झोपेत माझा श्वास कसा असतो हो?" संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला विचारलं. ते कपडे वाळत घालत होते.

"श्वास? तू घोरतेस. श्वास वगैरे नाजूक प्रकार तुझ्याकडे नाही."

"थट्टा नको."

"थट्टा नाही. मी सगळं आयुष्य त्या आवाजात काढलंय. का, काय झालं?"

मावशींनी सांगितलं. ते नीट ऐकून घेणारे होते. त्यांनी ओला सदरा झटकला आणि म्हणाले, तळघर आहे, नळ असतील, वरच्या मजल्यावर कुणी झोपलेलं असेल, आवाज पाइपातून कुठूनही कुठे जातो. मावशींना ते पटलं. पटवून घ्यायचंच होतं. पण मग त्यांना ती खुर्चीतली मान आठवली आणि त्यांनी लेखिकेला फोन लावला.

तिच्या आईनं उचलला. "झोपलीय हो ती."

दुसऱ्या दिवशी सकाळी लावला. "झोपलीय अजून." दुपारी लावला, तेव्हा आई हसल्याच. "अहो, काय सांगू तुम्हाला! जन्माची झोप भरून काढतेय पोरगी. उठते, दोन घास खाते, परत आडवी होते. कालपासून तर तेवढंही नाही. डॉक्टर बघून गेले. म्हणाले, थकवा आहे, झोपू द्या."

त्या आवाजात काळजी नव्हती. मावशींनी फोन ठेवला आणि तशाच चप्पल घालून निघाल्या.

५

घर दुसऱ्या मजल्यावर होतं, उजेडाचं. बैठकीत सगळं इतकं आवरलेलं की मावशी दारातच थबकल्या. लेखिका नेहमी सांगायची, आमच्या घरात पुस्तकं पायात येतात. आता पुस्तकं भिंतीशी रांगेत उभी होती.

"या ना," आई कुजबुजल्या. घरात सगळे कुजबुजतच बोलत होते. "बघा तरी कशी दिसतेय."

आतल्या खोलीत पडदे अर्धे ओढलेले. पलंगावर ती उताणी झोपली होती, दोन्ही हात पोटावर. केस विंचरून उशीवर पसरलेले, कुणीतरी मन लावून विंचरलेले. डोळ्यांखालची वर्तुळं गेली होती. गाल भरले होते. शेजारी तिचा होणारा नवरा खुर्ची ओढून बसला होता. चांगला मुलगा होता, मऊ बोलणारा. तिचा हात हातात घेऊन तो तिच्याकडे असा बघत होता, की आपण येऊन चूक केली असं मावशींना वाटलं.

"इतकं शांत मी तिला कधीच पाहिलं नव्हतं," तो म्हणाला. "जागी असली की आमचं दोन वाक्यांत वाजायचं. आता तासन् तास बसतो. खूप जवळ आल्यासारखं वाटतं."

"तिलाही वाटतं का तसं?"

तो हसला. त्याला प्रश्न कळला नसावा.

मावशी पलंगाजवळ गेल्या आणि त्यांनी तो श्वास ऐकला. आत जाताना किंचित अडखळणारा. बाहेर पडताना लांबलचक. तोच. फक्त इथं त्याला चेहरा होता.

"उठवा हिला," मावशी म्हणाल्या. घरात पहिल्यांदाच कुणी मोठ्यानं बोललं होतं.

"कशाला?" आईंनी त्यांचा दंड धरला. "बाई, मी हिच्यासाठी किती जागरणं केलीत, तुम्हाला नाही कळायचं. लहानपणी उघड्या डोळ्यांनी पडून राहायची आणि प्रश्न विचारायची. मोठी झाली तशी भांडायला लागली. आता कुठं माझी पोर मला मिळालीय."

मावशींनी दंड सोडवला, वाकल्या आणि कानाशी बोलल्या, "पोरी, मी आलेय. गोष्टवाली." झोपलेलीच्या पापण्यांखाली बुबुळं हलली. एकदा, आवाजाच्या दिशेनं. होणाऱ्या नवऱ्यानं घाईनं तिच्या कपाळावर हात ठेवला, आणि ती हालचाल थांबली.

"राहू दे ना, मावशी," तो म्हणाला.

६

"पुसून टाक," मावशींनी स्टुडिओत शिरताच सांगितलं. "ती गोष्ट सगळीच्या सगळी पुसून टाक."

रेकॉर्डिस्टनं कारण विचारलं नाही. त्याचाही चेहरा झोप न झाल्यासारखा होता. त्यानं पुसली, मग जिथं जिथं प्रत ठेवली होती तिथून पुसली आणि रिकामा पडदा मावशींना दाखवला. त्यावर काहीच नव्हतं. कुठलंच रेकॉर्डिंग सुरू नव्हतं. तरी माइकमधला आवाज दाखवणारा हिरवा काटा हळूच वर चढत होता आणि हळूच खाली येत होता. वर. खाली.

काचेपलीकडच्या त्या कपाटाएवढ्या खोलीत कुणीही नव्हतं.

मावशींच्या मनात एक विचार आला, आणि वेडगळ वाटला तरी तो जाईना. लेखिकेनं राजकन्येला उठवलं. पण पलंग तर तसाच राहिला. कितीतरी पिढ्यांनी, कितीतरी आयांनी आपल्या आवाजात त्या पलंगावर एक बाई झोपवली होती. एक उठून गेली म्हणून तो पलंग रिकामा कसा राहील?

"मी आत जाते," त्या म्हणाल्या. "माझ्या आवाजानं कुणी झोपत असेल, तर उठेलही."

"काय वाचणार?"

"तेच. पण या वेळी हाक मारणार."

दार लागलं. जग पाण्याखाली गेलं. श्वास उजव्या हाताला होताच, जवळ, ऊबदार. मावशींची इतकी घाबरगुंडी उडाली होती की कागद हातात धरवेना, म्हणून त्यांनी डोळे मिटून तोंडपाठ म्हटलं. तिला जाग आली. तिनं पाय खाली सोडले. मग गोष्ट मध्येच सोडून, शाळेत शेवटच्या बाकावरच्या पोरीला हाक मारावी तशी हाक मारली, "ए पोरी, ऊठ! ऊठ बघू! पुरे झालं आता!"

श्वास थांबला.

मग पलंग करकरला. त्या खोलीत पलंग नव्हता, पण लाकूड करकरलं, कापड सरकलं आणि गार फरशीवर दोन अनवाणी पावलं उतरली. मावशींच्या अगदी पायाशी. पावलं त्यांच्या समोरून दाराकडे गेली. वाऱ्याची झुळूक गालाला लागली. "गेली," असं त्यांच्या मनात आलं, आणि त्या आनंदानं रडणारच होत्या. तेवढ्यात मागे राहिलेल्या शांततेत कुणीतरी पुन्हा श्वास घेतला, आत जाताना किंचित अडखळणारा. संथ. खोल. झोपेतला.

दोघी होत्या.

मावशी धडपडत बाहेर आल्या तेव्हा त्यांचा फोन वाजत होता. लेखिकेच्या आई बोलत होत्या, आणि पहिल्यांदाच मोठ्यानं.

"उठली! अहो, उठली पोरगी!"

७

ती पलंगाच्या कडेला बसली होती, पाय खाली सोडून. उन्हाचा पट्टा तिच्या मांडीवर पडला होता आणि ती तो हातानं चाचपत होती. होणारा नवरा समोर उभा राहून हसत होता आणि रडतही होता.

"बघ, कोण आलंय," आई म्हणाल्या.

तिनं मान वर केली. तीच जिवणी, तेच कपाळ. पण तिच्या डोळ्यांत मावशींना त्या मुलीचं काही सापडेना. भांडण नव्हतं, थकवा नव्हता, थट्टा नव्हती. नुकत्याच पुसलेल्या काचेसारखे डोळे.

"काय गं, बरी आहेस ना?" मावशींनी विचारलं.

ते ऐकताच तिचा चेहरा उजळला. "तुमचा आवाज मला माहीत आहे," ती म्हणाली. एकेक शब्द जपून, कुणी उसनं दिलेलं भांडं हाताळावं तसा. "तुम्ही रोज वाचायचात. तोंड आज पहिल्यांदा पाहतेय."

"झोपेच्या भरात आहे अजून," आई हसून म्हणाल्या.

"आणि हे कोण?" तिनं होणाऱ्या नवऱ्याकडे बोट केलं. कुतूहलानं, कसलाही राग न धरता. त्याला ती थट्टा वाटली. तो म्हणाला, "म्हणजे आता पुन्हा ओळख करून घ्यायची तर!"

ती उठली. भिंतीला हात लावत दारापर्यंत गेली, दार ढकललं, ते उघडलं म्हणून तिला आश्चर्य वाटलं, आणि ती जिना उतरायला लागली. "अगं, अनवाणी कुठं?" म्हणत तो तिच्या चपला हातात घेऊन मागे धावला.

मावशी खिडकीशी गेल्या. ती खाली रस्त्यावर आली होती. सायकली, दुकानाच्या पाट्या, फळांच्या पेट्या, सगळ्यांमधून ती चेहरा उन्हाकडे करून चालली होती, पाऊल टाकण्याआधी जमीन तपासत, मग न तपासता, मग जवळजवळ पळत. तो मागे राहिला, चपला छातीशी धरून. तिनं वळून पाहिलं नाही.

हाक मारायची हीच वेळ होती. मावशींचा आवाज ती ओळखत होती. "परत ये, आडवी हो," एवढं म्हटलं असतं तर ती आली असती, याबद्दल मावशींना शंका नव्हती. त्यांनी तोंड उघडलंही. पण एवढ्या आयुष्यात इतक्या आनंदानं चालणारी बाई त्यांनी पाहिली नव्हती. तिला कोणत्या तोंडानं परत बोलवायचं? आणि कशासाठी? लेखिकाच तर आहे ती. झोपेतून उठलेली, थोडी गोंधळलेली. येईल संध्याकाळपर्यंत ताळ्यावर. असं त्यांनी स्वतःला समजावलं, अगदी नीट, मुद्देसूद. ती कोपऱ्यावर वळली आणि दिसेनाशी झाली.

मागे आई पलंग आवरत होत्या. उशी झटकली, सरळ ठेवली. चादरीच्या सुरकुत्या काढायला हात फिरवला, आणि तो हात मध्येच थांबला.

मावशी वळल्या. पलंग रिकामा होता. उशीवर खोलगट जागा पडली होती. आईंनी ती आत्ताच झटकून सारखी केली होती, तरी ती होतीच. आणि पांघरुणाची मधली घडी किंचित वर येत होती. थांबत होती. खाली बसत होती.

आईंनी ते बराच वेळ पाहिलं. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती मावशींनी येताना पाहिली आणि जातानाही पाहिली. मग त्यांनी पांघरूण दोन्ही हातांनी धरून हलकेच वर ओढलं, लहान मुलाच्या गळ्याशी खोचावं तसं दोन्ही बाजूंनी खोचलं, आणि पडदा पूर्ण लावून घेतला.

"पोरी," मावशींच्या तोंडून निघालं. "पोरी, ऊठ..."

आईंनी वळून ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला," त्या म्हणाल्या. "आत्ता कुठं डोळा लागलाय."